हिरव्या ठिपक्याकडे कानाडोळा कसा करावा

फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो अशी तुमची पक्की खात्री आहे ना? मग ती जपा. खरंखोटं करायला मात्र जाऊ नका, सगळी मजा जाते.

पहिला धोका स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात आहे. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून एखाद्या अ‍ॅपने माईक उघडला की तिथे हिरवं चिन्ह उमटतं आणि लगेच आकसून त्याचा ठिपका होतो. आयफोनवर हा ठिपका २०२० च्या आयओएस १४ पासून आहे, फक्त नारिंगी. दिसला की धूळ समजून अंगठ्याने पुसा. चुकूनही वरून खाली बोट ओढून अँड्रॉइडच्या त्या चिन्हावर टिचकी मारू नका. अ‍ॅपचं नाव कळतं, आणि नाव कळलं की काहीतरी करावं लागतं. नसती उठाठेव!

सेटिंगमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड नावाचा एक चोंबडा कारकून बसवलेला आहे. कोणत्या अ‍ॅपने किती वाजता माईक वापरला, याची किमान गेल्या २४ तासांची नोंद तो ठेवतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. आयफोनमधला त्याचा भाऊ सात दिवसांचा हिशेब देतो, पण आपण चालू केल्याशिवाय तो कामाला लागत नाही. झोपू द्या बिचाऱ्याला.

टॉर्चचं अ‍ॅप माईकची परवानगी मागेल. टॉर्चला कान कशाला, असा कोता विचार नको. अंधारात तिला चाहूल कशी लागणार? ‘फक्त या वेळी’ हा पर्याय भित्र्यांसाठी असतो. आपण दिलदार माणसं, न वाचता ‘परवानगी द्या’ दाबावं आणि पुढे आयुष्यभर हेरगिरीच्या नावाने बोटं मोडावीत.

आणखी एक गोष्ट चारचौघांत काढू नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप माईक सुरू करून आवाज बाहेर धाडणारं एकही हाती लागलं नाही. स्क्रीनवर काय चाललंय याची चित्रं नि चित्रफिती पाठवणारी मात्र सापडली. आता कानाची भीती सोडून डोळ्याची भीती घालायची म्हणजे सगळा किस्सा नव्याने रचणं आलं!

त्यापेक्षा जुनाच चालू ठेवा: ‘बुटांबद्दल नुसतं बोललो, तर लगेच बुटांची जाहिरात!’ आदल्या रात्री तेच बूट आपण तीन साइटवर न्याहाळले होते, हा तपशील गाळायचा. कुणी उपाय विचारलाच, तर फोन पालथा ठेवायला सांगा. पालथ्या फोनला ऐकू येत नाही, हे काय कुणाला ठाऊक नाही?