नऊ दिवसांचा आठवडा

ज्या भाषेत सात दिवसांना 'आठवडा' म्हणतात, त्या भाषेत वाढलेल्या माणसाने आठवडे मोजायचं काम अंगावर घेऊ नये. मी घेतलं. 2025चा जानेवारी. मॅडम म्हणाल्या, "गेल्या वर्षीची विक्री आठवड्यानुसार हवी, संध्याकाळपर्यंत." मी म्हणालो, "दुपारीच देतो." नोकरीत आजवर माझं जे काही वाटोळं झालंय, ते 'दुपारीच देतो'ने झालंय.

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चार ओळींची. तारखेतून वर्ष काढलं, आठवड्याचा क्रमांक काढला, दोन्हींवर ग्रुप बाय लावून, म्हणजे ज्यांचं वर्ष आणि आठवडा एकच त्या नोंदी एकत्र बांधून, बेरीज केली. आलेख देखणा आला. फक्त 2024चा पहिला आठवडा इतरांच्या डोक्यावरून पाहत ताठ उभा होता. मार्केटिंगवाल्यांनी त्याला लांबूनच ओळखलं. "ही आमची नव्या वर्षाची मोहीम!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

जागेवर येऊन ती बेरीज उसवून पाहिली, तर आठवड्यात दिवस निघाले नऊ! 1 ते 7 जानेवारी, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले त्याच वर्षाचे 30 आणि 31 डिसेंबर.

आयएसओ 8601 नावाचं तारखांचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो, तो पहिला आठवडा. सोमवार, 30 डिसेंबर 2024. त्या आठवड्यातला गुरुवार पडतो 2 जानेवारीला, म्हणून तो अख्खा आठवडा 2025चा पहिला. मी मात्र वर्ष तारखेचं घेतलं आणि आठवडा आयएसओचा. 2024 बरोबर, 1 बरोबर. शेजारी ठेवले की घोटाळा. वर्षही आयएसओचंच घ्यायला हवं होतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी 'आयएसओइयर' आहे, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 'इयरवीक'ला मोड, म्हणजे आठवडे मोजायची पद्धत, 3 द्यायचा. दुरुस्ती केली, आणि तो ताठ आठवडा मुकाट्याने रांगेत बसला. मार्केटिंगला अजून सांगितलेलं नाही.

इथे थांबलो असतो तर बरं. पण आमची जुनी विक्री एका डेटाबेसमध्ये, नवी दुसऱ्यात आणि हिशेब तिसऱ्यात. तिघांना एकच तारीख विचारली : 1 जानेवारी 2021, वार शुक्रवार, आठवडा कितवा? पोस्टग्रेस म्हणाला 53, कारण त्याच्या लेखी अजून 2020च चालू होतं. एसक्यूएल सर्व्हरचा साधा 'वीक' म्हणाला 1. एक जानेवारी म्हणजे पहिला आठवडा, त्याच्याकडे चर्चा नाही. मायएसक्यूएल म्हणाला शून्य! मोड सांगितला नाही, तर पहिला रविवार उजाडेपर्यंत तो नवं वर्ष मोजायलाच घेत नाही. आणि त्याचे मोड किती? 0 ते 7, म्हणजे आठ. आठवड्यातला 'आठ' कुठे गेला होता, ते त्या दिवशी कळलं.

शेवटी कॅलेंडर टेबल केलं. एका तारखेला एक ओळ, तिच्यासमोर आठवडा आणि त्याचं वर्ष, एकदाच लिहून ठेवलेलं. आता क्वेरीने गणित करायचं नाही, टेबल सांगेल ते ऐकायचं. (रविवारी आठवडा सुरू करणाऱ्या हिशेब विभागासाठी त्यात वेगळा रकाना आहे. माणसं सुधारत नाहीत, रकाने वाढतात.)

मग 2026च्या उद्दिष्टांची वेळ आली. ते वर्ष गुरुवारी सुरू होतं, म्हणून त्यात आठवडे 53. सूत्र ठरलेलं : गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यापेक्षा 10 टक्के जास्त. 2025 मध्ये आठवडे 52च होते. टेबलने इमानदारीत 53व्या आठवड्यासमोर गेल्या वर्षीची विक्री शून्य लिहिली, सूत्राने तिच्यात 10 टक्के मिळवले, आणि मॅडमनी सही केली.

मार्केटिंगवाले त्या आठवड्याबद्दल फार आशावादी आहेत.