मोठा ऑइल पंप टाकल्यानं इंजिन जास्त टिकत नाही

इंजिनकाम काढणाऱ्या गाडीमालकांसाठी एक सल्ला हल्ली जालन्यापासून नांदेडपर्यंत फोनवर फिरतोय. मराठवाड्याच्या उन्हात ऑइल पातळ होतं, तेव्हा मूळ मापाऐवजी मोठा, जास्त प्रेशरचा ऑइल पंप टाका. प्रेशर जेवढं जास्त तेवढं इंजिन टिकाऊ. खर्च झेपत नसेल तर जुना पंप हातानं फिरवून बघा, अडकत नसेल तर डिझेलनं धुऊन तोच बसवा. आणि ऑइलचा दिवा लागत नाही तोवर काळजी करू नका. हे ऐकून लोक ग्राइंडिंग केलेला क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला आधार देणारी नवी बेअरिंगं मातीत घालतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी प्रेशर. पंपाचं काम ऑइल ढकलण्याचं. प्रेशर तयार होतं ते पुढं, क्रँक आणि बेअरिंग यांच्यातल्या बारीक फटीतून ऑइलला वाट काढावी लागते म्हणून. शेतातली मोटर तीच असते, पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब जातं, तसंच हे. ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाला, साधारण ०.०५ मिलिमीटर फट असते. ती झिजून वाढली की गरम इंजिनात, आयडलवर (गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नाही), प्रेशरचा काटा खाली बसतो. अशा वेळी मोठा पंप टाकणं म्हणजे रोग रेड्याला अन् औषध पखालीला. काटा वर येईल, पण सैल बेअरिंगमधून जास्तीचं ऑइल सिलिंडरवर उडेल आणि झीज चालूच राहील.

बरं, बेअरिंग मापात बसवली असतील तर मोठ्या पंपाचं वाढीव ऑइल जातं कुठं? रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे प्रेशर फार वाढलं की उघडणारी झडप, उघडून परत मागं. म्हणजे इंजिनची ताकद खर्च करून तेच ऑइल उगाच घुसळायचं आणि तापवायचं. काही जण फक्त व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक टाकतात. पण गरम इंजिन आयडलवर असताना तो व्हॉल्व्ह बंदच असतो, मग कडक स्प्रिंगनं तिथं काय फरक पडणार? रेसच्या इंजिनात फटी मुद्दाम जास्त ठेवतात, जादा ऑइल कूलर लावतात. तिथं मोठा पंप योग्य. लातूर-सोलापूर फेऱ्या मारणाऱ्या गाडीला नाही.

उन्हाचं म्हणाल तर बाहेर ३० अंश असो की ४४, चालून तापलेल्या इंजिनातलं ऑइल शंभर अंशांच्या आसपासच असतं. त्याहून फार तापत असेल तर रेडिएटर, पंखा आणि थर्मोस्टॅट बघा. ऑइलचा ग्रेड मॅन्युअल सांगेल तोच.

सगळ्यात घातक सल्ला जुना पंप धुऊन लावण्याचा. फिल्टर पंपाच्या पुढं असतो; पंपाच्या आधी फक्त जाळी. बेअरिंग उडालं की त्याचा चुरा चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या पात्रात) पडतो आणि जाळीतून निसटलेला सगळा आधी पंपातून जातो. पंपाचं झाकण खोलून उजेडात तिरपं धरा. रोटरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) वाटेवर गोल ओरखडे दिसतील, नख फिरवलं की अडकेल. ओरखडे नसले तरी झाकणाच्या बाजूवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) घाला. रोटर आणि पट्टीमधली फट मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेली, की पंप कितीही मोकळा फिरो, तो बाद. खरं तर झिजलेला पंप जास्तच मोकळा फिरतो! बेअरिंग उडालेल्या इंजिनाला मी तरी जुना पंप लावू देणार नाही. क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग आणि मजुरी यांच्यापुढं नव्या पंपाचा खर्च थोडा असतो.

नवा घेताना चेसिस नंबर सांगून कंपनीचाच मागा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पंप बदललेला असू शकतो. जुना सोबत न्या. रोटरची जाडी, क्रँकवर बसणारी खाच, बोल्टची भोकं जुळवून घ्या.

आणि चेंबर बघा. आपल्याकडच्या पांदण रस्त्यांवर दगड लागून चेंबर आत चेपलेलं असतं. जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यात मोजके मिलिमीटर अंतर असतं, ते चेपलं की नवाकोरा पंपही उपाशी राहतो. जाळीतून पंपाकडं ऑइल नेणाऱ्या सक्शन पाइपाची रबरी रिंग कडक झाली असेल तर पंप हवा ओढतो. चेंबर बसवताना सांध्याला सिलिकॉन जास्त फासलं की त्याच्या दशा जाळीवर बसतात. यातलं काही झालं की दोष मात्र पंपावर जातो.

राहिला दिवा. बहुतेक गाड्यांचा दिवा प्रेशर अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो, तोवर बेअरिंगला मार बसलेला असतो. म्हणून पंप बसवताना आत ऑइल भरा. इंजिन चालू न होऊ देता, इंधन बंद ठेवून, थोडं थोडं थांबत स्टार्टर मारा. दिव्याच्या स्विचच्या जागी गेज लावा आणि काटा उठल्यावरच इंजिन सुरू करा. पूर्ण गरम झाल्यावर आयडलचा आणि वाढलेल्या आरपीएमचा आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. कमी आला तर चेंबर पुन्हा उतरवा, गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नका.