पैसे पगारातच जाऊ देत

"ताई, एखादी चांगली संस्था सुचवा ना. पण पैसे थेट मुलांपर्यंत पोचायला हवेत हं, पगारबिगारात जायला नकोत." मार्च उजाडला की, आणि पुन्हा पितृपक्षात, असे मेसेज हमखास येतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दोन-तीन छोट्या संस्थांचे हिशेब बघते, हे ओळखीपाळखीच्यांना ठाऊक आहे म्हणून. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. लांबलं आहे, चहा घेऊन बसा.

माझं उत्तर असं, की देणगी पगारातच जाऊ दे. किंबहुना सांगूनच द्या, की ही मानधनासाठी आहे. समोरच्या कार्यकर्त्याला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटेल, कारण असं कुणी म्हणतच नाही.

थेट मुलांपर्यंत म्हणजे नेमकं कुणाच्या हातून? आदिवासी भागातलं एक मुलींचं वसतिगृह आहे, नाव नको. त्याची कोठी उघडली की समोर भिंतीवरची घड्याळं, खोक्यांतून बाहेरही न काढलेली. शंभर पानी एकेरी वह्यांचे गठ्ठे, खालचे थर ओलीने फुगलेले. दप्तरं, प्रत्येकावर कुठल्याशा पतसंस्थेचं नाव. व्हरांड्यात दोन वॉटर कूलर, दोन्हींवर 'यांच्या स्मरणार्थ'ची पितळी पाटी. चालतो एकच. दुसऱ्याचा कॉम्प्रेसर गेलाय, आणि दुरुस्तीला स्मरणार्थ पैसे कुणी देत नाही. याच वसतिगृहाच्या अधीक्षिकेचं मानधन होतं नऊ हजार, आणि तेही थकायचं. रात्री ताप चढलेल्या मुलीला ग्रामीण रुग्णालयात नेणारी ती. पहिल्यांदा पाळी आल्यावर घाबरलेल्या पोरीला जवळ घेऊन समजावणारी ती. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक मुलगी परत आलीच नाही, लग्न ठरवत होते, तर पाड्यावर जाऊन बापाशी भांडून तिला घेऊन येणारीही तीच. शेवटी ती एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागली. पैसे जवळजवळ दुप्पट, तिला काय बोलणार? त्याच वर्षी वसतिगृहाला तिसरा कूलर मिळत होता.

वाढदिवसाच्या जेवणाबद्दलही बोलून घेते, राग आला तरी चालेल. शहरालगतच्या बालगृहांत शनिवार-रविवारच्या तारखा आधीच गेलेल्या असतात. ताटं वाढलेली, श्रीखंडाला पाणी सुटतंय, पोरं हात जोडून बसलीत आणि पाहुण्यांचं 'आम्हीही परिस्थितीतून वर आलो' सुरू आहे. फोटोच्या वेळी मोठी मुलं लहानांना कोपराने ढोसतात, "हस की." चाळीस पोरांना आठवड्यात तीनदा श्रीखंड-पुरी आणि मंगळवारी पातळ आमटी-भात, याला अन्नदान म्हणायचं असेल तर म्हणा. वाढदिवस घरी करा, संस्थेला किराण्याचे पैसे पाठवा आणि स्वयंपाकाचं तिथल्या मावशींवर सोडा.

हे माझं नुसतं वाटणं नाही. याला पुरावा आहे, तोही घरचाच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही द्यायचं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूचं प्रमाण, तुलनेला घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. खर्च दर बाळामागे पाच डॉलरच्या आसपास. इमारत नाही, काचेची पेटी नाही. तो खर्च मुख्यतः माणसांवरचा. बाईला शिकवणं, तिला मोबदला देणं, तिच्या कामावर कुणीतरी देखरेख ठेवणं. आपण ज्याला तुच्छतेने 'प्रशासकीय' म्हणतो, तोच. पुढे आशाताईंच्या घरभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हीच पद्धत आली.

दुसरं उदाहरण 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं. माधव चव्हाणांनी हे काम नव्वदच्या दशकात मुंबईत उभं केलं. महापालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी 'बालसखी' म्हणून नेमायची, तिने रोज दोनेक तास त्यांना वेगळं बसवून वाचन आणि आकडेमोड पक्की करून घ्यायची. मानधन त्या काळी महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. मुंबई आणि बडोद्यात याची रीतसर तपासणी झाली, आणि तपासणाऱ्यांत अर्थशास्त्रज्ञ अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. बडोद्यात त्याच वेळी संगणकावर गणित शिकवण्याचाही प्रयोग होता. संगणकानेही गणित चांगलं सुधारलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खर्चाच्या मानाने बघितलं तर बालसखी कितीतरी पट सरस ठरली. आता सांगा, आपल्या कॉलनीतल्या मंडळाला वर्गणी काढून काय द्यावंसं वाटतं, दहा संगणक की एका मुलीचा वर्षाचा पगार? संगणकाबरोबर फोटो चांगला येतो.

"पण प्रशासकीय खर्च किती टक्के?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना वाटतं आपण फार चोखंदळ आहोत. आपल्याकडच्या ट्रस्टना धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावे लागतात. अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. या नऊमध्ये 'आस्थापना खर्च' अशी एक ओळ असते आणि खाली 'संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च' असतो, त्यात शैक्षणिक, वैद्यकीय वगैरे पोटभाग. आता वसतिगृहाच्या अधीक्षिकेचा पगार यातल्या कुठल्या ओळीत टाकायचा? दोन्हीकडे टाकता येतो. एका संस्थेचा अकाउंटंट तो आस्थापनेत टाकतो आणि संस्था उधळी दिसते. दुसरीचा तोच पगार शैक्षणिक खर्चात दाखवतो आणि संस्था काटकसरी ठरते. काम तेवढंच, बाई तीच. त्यामुळे "आमचा प्रशासकीय खर्च फक्त तीन टक्के" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला आधी त्यांच्या अकाउंटंटचं कौतुक वाटतं. सरकारही याच टक्केवारीच्या मागे आहे. परदेशी देणग्यांतून प्रशासनावर ५० टक्क्यांपर्यंत खर्च करता यायचा, २०२० च्या कायदादुरुस्तीने ती मर्यादा २० वर आणली. गैरवापर रोखायचा हेतू समजू शकतो. पण ज्या संस्थांचं कामच मुळात माणसांचं आहे, समुपदेशन, कायदेशीर मदत, संशोधन, त्यांची किती ओढाताण झाली असेल ते हिशेब लिहिणाऱ्याला विचारा.

चोर संस्था नाहीत असं मी म्हणत नाही. भरपूर आहेत. म्हणून त्याच कागदांत मी वेगळ्या गोष्टी बघते. 'विश्वस्तांचे मानधन' या ओळीत काय आकडा आहे. विश्वस्त मंडळात एकाच आडनावाची किती माणसं आहेत, आणि पगारपत्रकावरही तीच आहेत का. संस्थेच्या ठेवी किती महिन्यांचा खर्च भागवतील. हे शेवटचं फार बोलकं असतं. वर्षभराचा खर्च सुटेल एवढी गंगाजळी असलीच पाहिजे, ती शहाणपणाची खूण. पण दहा-दहा वर्षं पुरेल एवढ्या एफडी असताना 'आपल्या मदतीवरच हा दिवा तेवत आहे' असं पत्रक येतं, तेव्हा ते मी बाजूला ठेवते. मोठ्या देवस्थानांचंही तेच. श्रद्धेने पेटीत जरूर टाका, तो तुमचा आणि देवाचा प्रश्न आहे, मी मध्ये पडणार नाही. फक्त ते समाजकार्याच्या खात्यात धरू नका.

कागदांइतकाच मला एक प्रश्न उपयोगी पडतो. "तुम्ही करून बघितलं आणि जमलं नाही, असं काय आहे?" खरं काम करणारा माणूस यावर अर्धा तास बोलतो. शिवणवर्ग काढला, मशीन घेतली, बाजारच मिळाला नाही, बंद केला, असं सांगतो. ज्यांचं सगळंच यशस्वी असतं तिथून मी चहा पिऊन निघते.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ऑपरेशनच्या आवाहनांबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे तुमचे पाच हजार रुपये आणि तुमचा एक फोन यांत फोन जास्त किमतीचा ठरू शकतो. नळ्या लावलेल्या बाळाचा व्हिडिओ बघून हात थरथरतो, माझाही. पण आपल्या राज्यात धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. बिलांच्या दोन टक्के रक्कम बाजूला काढून निर्धन रुग्णांसाठी वेगळा निधी ठेवावा लागतो. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तेव्हा आवाहन आलं की पहिला प्रश्न हा, की नातेवाईक रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटलेत का? उत्पन्नाचा दाखला आहे का? बऱ्याच वेळा यातलं काहीच झालेलं नसतं, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. तहसील कचेरीतून दाखला काढून द्यायला एखाद्याने दिवसभर खेटे घातले, तर लाखाचं बिल हजारांवर येऊ शकतं. ते झाल्यावरही तूट उरली तर जरूर द्या, पण रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या नावावर. आणि असे खेटे पगारी माणूस ठेवून रोज घालणाऱ्या संस्था आहेत, त्यांना देता आलं तर दुधात साखर.

आता, किती द्यायचं? कुणी दशांश म्हणतं, जकातीत शिल्लक मालमत्तेच्या अडीच टक्क्यांचा हिशेब असतो. मी सोपा नियम लावला. ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना कायद्याने सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. कंपनीला जमतं तर घराला का नाही? एप्रिलमध्येच वर्षाच्या उत्पन्नाचे दोन टक्के वेगळे काढायचे. ज्यांच्या डोक्यावर गृहकर्ज आहे, घरात दुखणं आहे, त्यांनी अर्धा टक्का धरावा, शून्यही चालेल, त्यात लाज कसली. रक्कम आधी ठरली की व्हिडिओ बघून हळहळणं आणि मग अपराधी वाटणं दोन्ही कमी होतं. कुणी दारात आलं तर शांतपणे सांगता येतं, की यंदाचं ठरलंय.

आणि ती रक्कम दहा ठिकाणी पाचशे-पाचशे अशी उडवू नका. दोन संस्था पुरेत. एकरकमी देण्यापेक्षा दरमहा द्या, बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन करून. दरमहा हजार देणारे दहा जण पक्के असले की संस्था एका माणसाला दहा हजारांवर नेमू शकते आणि त्याला सांगू शकते, "पुढच्या वर्षीही आहेस." ३१ मार्चला अचानक आलेल्या लाखावर कुणी माणूस नेमत नाही. त्यातून येतात वस्तू.

करसवलतीचं पटकन. नव्या करप्रणालीत असाल तर ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा, उपयोग नाही. जुन्या प्रणालीत बहुतेक संस्थांच्या देणगीवर निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, त्यालाही मर्यादा आहे. म्हणजे दहा हजार दिले तर २० टक्क्यांच्या टप्प्यात हजारभर रुपये वाचतील. दोन हजारांवर रोख दिलीत तर तेही नाही. एवढ्यासाठी संस्था निवडू नका. मात्र ८०जीची मान्यता आहे म्हणजे संस्था चांगली, असंही नाही. ती करखात्याची मान्यता आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे.

पुण्यात पितृपक्षात 'देणे समाजाचे' नावाचं प्रदर्शन भरतं. एका छताखाली संस्थांचे कार्यकर्ते भेटतात. पहिल्या दिवशी पैसे न देता नुसतं फिरा, वरचा तो 'काय जमलं नाही' हा प्रश्न विचारत. कार्यकर्त्यांना थोडी गर्दी होईल, पण ते हसून बोलतात.

आमच्या घरातही हे सगळं सगळ्यांना मान्य आहे असं समजू नका. यांच्या गावच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव होता, माजी विद्यार्थ्यांनी प्रवेशद्वाराला कमान बांधायची ठरवली. शाळेत गणिताला शिक्षक नाही, तासिकेवर कुणी ठेवा, पैसे आपण देऊ, असं मी म्हणून बघितलं. कमानीला पाच हजार गेले. ते आमच्या दोन टक्क्यांत धरायचे की यांच्या खिशातून, यावर अजून एकमत झालेलं नाही.