पुलियात बघायचं काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं, की रोम-व्हेनिस सोडून इटलीच्या टाचेतल्या पुलियात आठवडा काढणं म्हणजे पैसे वाया. जिकडेतिकडे ऑलिव्हची झाडं, त्यातली कितीतरी वाळलेली, दुपारी गावं बंद आणि शाकाहारी माणसाची उपासमार.

उपासमारीचं मला अजिबात पटत नाही. पुलियाचं जेवण मुळात गरीब शेतकऱ्यांचं, मांस सणावारी. ‘फावे ए चिकोरिया’ मागवा. सोललेल्या सुक्या फावा बीन्स मऊ शिजवून घोटलेल्या, बाजूला उकडलेली कडसर पालेभाजी, वर कच्च्या ऑलिव्ह तेलाची सढळ धार. पिठल्यावर कच्चं तेल घेणाऱ्याला आणखी काय सांगायचं! जोडीला अल्तामुराचा जाड कवचाचा पिवळसर पाव. ओरेक्किएत्ते हा पास्ताही रवा नि पाण्याचाच, अंडं नाही. बारी शहराच्या जुन्या गल्लीत बायका दारात बसून तो करतात: सुरीने पिठाचा तुकडा ओढायचा आणि अंगठ्यावर उलटायचा, झाली वाटी. मात्र पालेभाजीसोबतच्या ओरेक्किएत्तेत बहुतेकदा अँकोव्ही मासा असतो, तेव्हा ‘सेंत्सा अच्चूगे’, म्हणजे अँकोव्ही नको, असं आधीच सांगा.

झाडांचा कंटाळा आला हे वाचून वाईट वाटलं. ओस्तुनीपासून मोनोपोलीपर्यंतच्या पट्ट्यात शेकडो वर्षांची, पीळ पडलेल्या बुंध्यांची झाडं आजही फळतात. आणि लेच्चेच्या दक्षिणेला तुम्ही पाहिलीत ती वाळलेली झाडं झायलेला जिवाणूने मारली. २०१३ मध्ये तो तिथे सापडला. झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच तो बुजवतो; आधी शेंडे वाळतात, मग सगळं झाड. लाखो झाडं गेली. आता तिथे लेच्चीनोसारख्या तग धरणाऱ्या जाती लावताहेत. त्या प्रदेशावर प्रेम करायचं तर हेही बघायलाच हवं.

त्रुल्लींच्या, म्हणजे शंकूच्या छपराच्या दगडी घरांच्या, अल्बेरोबेल्लो गावात फार गर्दी असते, हे तुमचं बरोबर आहे. त्रुल्ली बघायच्या तर लोकोरोतोंदो-चिस्तेर्निनोच्या शेतांतल्या बघा. जमीन साफ करताना निघालेल्या दगडांचीच ती घरं आणि बांध, चुन्याशिवाय रचलेले.

दुपारी दुकानं मिटतात ती उन्हामुळे. तेवढ्यात जेवून पडावं. संध्याकाळी अख्खं गाव चौकात उतरतं.

पुन्हा जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट टाळा. ऑक्टोबरअखेरीस जा, एखाद्या मासेरियात, म्हणजे शेतघरात, उतरा. तोडणी चालू असते, आणि घाण्यावरचं ताजं हिरवं तेल तेव्हाच चाखायला मिळतं.