मशीन दुसऱ्याचं, म्हणून घड्याळ खोटं?

"फॅशनवाल्यांची मेकॅनिकल (स्प्रिंगवर चालणारी) घड्याळं म्हणजे शुद्ध फसवणूक. मशीन बाहेरून आणायचं, वर आपलं नाव छापायचं. खरे घड्याळवाले स्क्रूसुद्धा स्वतः घडवतात. शिवाय ही घड्याळं रोज चार-पाच सेकंद चुकतात!" हा मेसेज वाचून माझा भाचा हौसेने घेतलेलं घड्याळ विकायला निघाला, म्हणून लिहितोय.

आधी तो स्क्रू. ओदमार पिगेचं रॉयल ओक (१९७२), पाटेक फिलिपचं नॉटिलस (१९७६), व्हॅशरॉन कॉन्स्टंटिनचं २२२ (१९७७). याहून 'खरे' घड्याळवाले आणायचे कुठून? तर या तिन्हींच्या पोटातलं मूळ मशीन एकच, जेगर-लकूल्त्र या घड्याळ कंपनीचं कॅलिबर (म्हणजे मशीनचं मॉडेल) ९२०. गंमत म्हणजे खुद्द जेगर-लकूल्त्रने ते स्वतःच्या घड्याळात कधी बसवलंच नाही. तिघांनी ते घेतलं, आपापल्या पद्धतीने सुधारलं, घासून चकचकीत केलं. त्यांना कोणी भामटे म्हटल्याचं ऐकलंय? स्वित्झर्लंडमध्ये हा धंदा पहिल्यापासून वाटून चालतो. कोणी डायल करतो, कोणी केस. घड्याळाची चाल सांभाळणाऱ्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगसाठी तर आजही कितीतरी नामांकित कंपन्या निवारॉक्स या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या दारात उभ्या असतात. मग एर्मेससारख्या फॅशनवाल्या कंपनीने तेच केलं की पाप? त्यांच्या 'ल तां सुस्पांद्यु' या घड्याळात बटण दाबलं की काटे वेळ दाखवायचंच सोडतात, पुन्हा दाबलं की बिनचूक वेळेवर येतात. ही करामत जिनिव्हाच्या आजेनॉर कार्यशाळेची, आणि २०११ साली जिनिव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या स्पर्धेत पुरुषांच्या घड्याळाचं बक्षीस तिलाच मिळालं.

फॅशनवाल्यांची घड्याळं म्हणजे "कालपरवाचं खूळ" असंही त्या मेसेजात आहे. एर्मेसची घड्याळ कंपनी १९७८ची. शनेलने ला शो-द-फोंमधला कारखाना १९९३ साली घेतला. लुई व्हिताँने 'ला फाब्रिक द्यु तां' ही घड्याळांची कार्यशाळा २०११मध्ये घेतली. पुढे बोलायला नको.

बरं, एक मान्य. फॅशनचं नाव लावून साधं क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणारं) घड्याळ महागात खपवणारे आहेत, ढिगाने आहेत. नावाचे पैसे तर सगळेच लावतात. शनेलच्या जे१२ घड्याळातलं २०१९चं मशीनही केनिसी या मशीन बनवणाऱ्या कंपनीचं आहे. फक्त त्या केनिसीत शनेलची भागीदारी आहे, एवढं मेसेजवाला सोयीस्करपणे विसरला.

राहिले ते चार-पाच सेकंद. स्वित्झर्लंडचं क्रोनोमीटर (म्हणजे अचूकतेचं) प्रमाणपत्र मिळवणाऱ्या मशीनलासुद्धा दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. सेकंदच मोजायचे तर स्वस्तातलं क्वार्ट्झ घ्या. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. मेकॅनिकल घड्याळाचं बॅलन्स व्हील, म्हणजे आतलं मागेपुढे झुलणारं चाक, सहसा सेकंदाला आठ ठोक्यांवर भागवतं.