सातवी पट्टी

दादरच्या जुन्या इमारतीतील आमच्या घराची बाहेरची खोली गेली कित्येक वर्षे एकाच फिकट पिवळ्या रंगात सुखाने नांदत होती. दर चार-पाच वर्षांनी भिंतीला पोपडे सुटावेत, पावसाळा सरल्यावर रंगाऱ्याने येऊन ते खरवडावेत, पुट्टी भरावी आणि पुन्हा तोच पिवळा रंग फासावा, असा शिरस्ता होता. यंदा मात्र ‘एका तरी भिंतीला नक्षीचा वॉलपेपर हवा’ असा ठराव घरात माझे एक मत वगळता एकमताने संमत झाला आणि पोपड्यांच्या जागी पोपट आले.

वास्तविक आमच्या खोलीत नक्षीची वानवा कधीच नव्हती. फरशीवर तीन रंगांचे षटकोन आहेत, खिडकीच्या ग्रिलला वेलबुट्टी आहे, दिवाणावर सोलापुरी चादर आहे आणि पडद्यांवर कोयऱ्या आहेत. हे पडदे आम्ही मंगलदास मार्केटमध्ये अर्धा दिवस घालवून आणले होते. नक्षी एकत्र आणायच्या तर एक मोठी, एक मध्यम आणि एक बारीक असावी व तिघींत एखादा रंग समान असावा, असा सजावटीतला सर्वमान्य नियम आहे; आमच्याकडे चारही मध्यम होत्या आणि समान काही असलेच तर ती धूळ होती. मी हा मुद्दा मांडताच पत्नीने भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा दाखला दिला. १८७२ साली खुल्या झालेल्या त्या वास्तूत फरशीपासून छतापर्यंत नक्षीच नक्षी आहे आणि तरीही डोळ्यांना त्रास होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्या दालनात रात्री कोणाला सोफा-कम-बेड उघडायचा नसतो.

निवडलेल्या कागदावर बांबूंची उभी जाळी होती आणि दोन बांबूंच्या मध्ये एकाखाली एक लांब शेपटीचे पोपट होते. भिंत बारा फूट रुंद आणि साडेदहा फूट उंच, म्हणजे १२६ चौरस फूट. एक रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब, म्हणजे सुमारे ५८ चौरस फूट. मी रुबाबात भागाकार केला आणि तीन रोल घेऊन आलो. दुकानदाराने जाता जाता ‘रिपीट पंचवीस इंच आहे हं’ असे बजावले होते, ते मला कागदाच्या गुणवर्णनासारखे वाटले. त्याचा अर्थ असा की पोपट दर पंचवीस इंचांनी पुन्हा अवतरतो, आणि शेजारच्या पट्टीतला बांबू जुळायचा असेल तर प्रत्येक पट्टी नक्षीच्या त्याच ठिकाणापासून कापावी लागते. साध्या कागदाच्या रोलमधून ज्या तीन पट्ट्या निघाल्या असत्या, त्या येथे दोनच निघतात आणि उरलेले अकरा फूट वाया जातात. लागणार होत्या सात पट्ट्या. हाती होत्या सहा. आपला पोपट झाला आहे, हे मला त्या क्षणी उमगले.

‘अरे, रांगोळी काढताना ठिपके आधी मोजतात,’ आई म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

चौथा रोल मिळाला, पण दुसऱ्या लॉटचा. त्यातले पोपट किंचित कावीळ झाल्यासारखे दिसत होते.

तोपर्यंत कारागिराने छतापासून ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, सोडला होता. ओळंबा ही फार निर्दय वस्तू आहे. तो बराच वेळ डोलला, स्थिर झाला आणि आमच्या घराविषयीचे सत्य सांगून मोकळा झाला. ‘साहेब, कोपरा सरळ नाही. वर ठीक आहे, खाली दीड इंच आत आलाय. कागद भिंतीप्रमाणे लावू की ओळंब्याप्रमाणे?’ पिवळ्या रंगाने इतकी वर्षे जे झाकून ठेवले होते, ते एका दोरीने पाच मिनिटांत चव्हाट्यावर आणले. भिंतीप्रमाणे लावावे तर सगळे बांबू वारा सुटल्यासारखे कलणार; ओळंब्याप्रमाणे लावावे तर फटका फक्त कोपऱ्यातल्या सातव्या पट्टीला बसणार. बरीच चर्चा होऊन, खोलीपेक्षा एक पट्टी गेलेली परवडली, असे ठरले.

त्या पट्टीत पाच पोपट आहेत. छताजवळच्याला संपूर्ण शेपूट आहे. दुसऱ्याच्या शेपटीचे टोक गेले आहे. तिसऱ्याची अर्धीच उरली आहे. चौथ्याला तिची आठवण तेवढी आहे, आणि जमिनीलगतचा पाचवा तर नुसता कबुतरासारखा दिसतो. त्यातून तो पिवळट. शेजारचे काका चहाला येतात, बोलता बोलता त्यांची मान त्या कोपऱ्याकडे वळते आणि वरून खाली सावकाश उतरते. मग ते दाराची चौकट न्याहाळतात, खिडकी न्याहाळतात आणि घरी जाऊन स्वतःच्या भिंती न्याहाळतात. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे त्या कारागिराचा नव्हे, तर ओळंबा कोठे मिळतो याचा पत्ता विचारला.

कोपरा झाकण्यासाठी मी तेथे कपाट सरकवून पाहिले. कपाट सरळ आणि भिंत तिरकी असल्यामुळे दोहोंमध्ये वरच्या बाजूला रुंद होत जाणारी पाचरीसारखी फट पडली आणि त्या फटीतून नेमका शेपूटवाला पोपट डोकावू लागला. कपाट परत गेले.

चारही रोल मिळून छप्पन फूट कागद उरला होता. तो रद्दीत घालायला निघालो, तर आईने काढून घेतला. दुपारभर ती स्वयंपाकघरात कात्री आणि पट्टी घेऊन बसली होती. संध्याकाळी पाहतो तो फडताळातल्या डब्यांखाली, मांडणीच्या फळ्यांवर आणि मसाल्याच्या खणात कागद अंथरलेला. एका फळीचा बांबू पुढच्या फळीच्या बांबूला तंतोतंत भिडत होता आणि हळदीच्या बरणीपासून गोड्या मसाल्यापर्यंत एकूण एक पोपटाला शेपूट होते.