आजोबांची निवड : घर घेणाऱ्यांस काही सूचना

अमेरिकेत कृष्णवर्णीय कुटुंबात जन्म घेऊन वर स्वतःचे घर घेण्याचाही विचार आपण करीत असाल, तर हप्ता, व्याजदर आणि पत यांची काळजी नंतर करावी. आधी आजोबांची निवड चोखपणे उरकावी. गृहकर्जांना विमा देण्यासाठी 1934 साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या साहेबांना शेजारी म्हणून चालतील, असेच आजोबा पत्करावेत. त्या काळी सरकारी नकाशांत उत्तम वस्ती हिरवी, तर धोक्याची लाल रंगवली जाई, आणि कृष्णवर्णीयांची वस्ती, तिथले लोक देणी कितीही वेळेवर फेडत असले तरी, बहुधा लालच निघे; आणि लाल वस्तीतल्या घराला कर्ज व विमा मिळणे दुरापास्तच.

आजोबा डेट्रॉइटचे असतील तर ते भिंतीच्या कोणत्या बाजूचे, याची खातरजमा करावी. कृष्णवर्णीयांच्या वस्तीला खेटून गोऱ्यांसाठी घरे बांधू पाहणाऱ्या एका बिल्डरने 1941 साली मध्ये सुमारे अर्धा मैल लांब आणि सहा फूट उंच काँक्रीटची भिंत घातली, तेव्हाच त्याच्या घरांना सरकारी हमी मिळाली. काम मजबूत असावे, कारण ती अजून उभी आहे.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढले असल्यास उत्तमच, फक्त त्यांनी मिसिसिपीत परतू नये : तिथल्या शहरांच्या 1947 च्या पाहणीत माजी सैनिकांना सरकारी हमीवर मिळालेल्या 3,229 कर्जांपैकी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला अवघी 2 आली होती. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये 1949 साली नवे घर 7,990 डॉलरला मिळत होते, पण तिथे कृष्णवर्णीयांना ते विकतच नसत. शिकागोत मात्र दलाल त्यांना आनंदाने घर देत, तेही अव्वाच्या सव्वा किमतीला आणि अशा करारावर की एक हप्ता चुकला तरी घरही जावे आणि भरलेले पैसेही.

1968 च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला हा भेदभाव बेकायदा ठरल्यामुळे त्यानंतरची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. वेल्स फार्गो बँकेने कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना महागडी कर्जे गळ्यात मारल्याच्या आरोपावरून 2012 साली साडेसतरा कोटी डॉलर मोजून तडजोड केली. आरोप अमान्य, रक्कम मान्य. फेडरल रिझर्व्हच्या 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (म्हणजे निम्मी कुटुंबे वर, निम्मी खाली अशी मधली) संपत्ती 2,85,000 डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900 डॉलर भरली. हा फरक आपण काटकसरीने भरून काढावा, असा सल्ला देणाऱ्याचे राहते घर कुणी घेतलेले, हे विचारणे शिष्टाचारास धरून नाही.

एवढ्यावरही घर झालेच, तर मूल्यांकन करणारा येण्यापूर्वी भिंतीवरची कुटुंबाची छायाचित्रे उतरवावीत आणि दार उघडायला एखादा गोरा मित्र बसवावा. असे केल्यावर त्याच घराची किंमत बरीच वाढल्याचे अनुभव अनेकांनी सांगितले आहेत. मूल्यांकन करणारा गेल्यावर छायाचित्रे पुन्हा लावण्यास हरकत नाही, पण घर कधी ना कधी विकायचे असते, म्हणून खिळे फार खोल ठोकू नयेत.